वाळलेल्या रक्ताविषयीचा एक वाह्यात संदेश

माझ्या मावसबहिणीने आरोग्य सर्वेक्षणासाठी घरी आलेल्या ताईंना बोटातले रक्त द्यायला साफ नकार दिला आणि कारण विचारले तेव्हा मला व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश पुढे पाठवला. कागदावर वाळलेले रक्त मेलेले असते, त्यात विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे शोधणे ही शुद्ध फसवणूक आहे, एका थेंबातून काही कळत नाही, सरकारला रुग्णांचे आकडे फुगवायचे आहेत, तपासणीचा रिपोर्ट देत नाहीत, एचआयव्ही निघाला तर नाव गावभर होते आणि उन्हा-पावसात कार्डे खराब होतात, असा त्याचा सारांश. नकार देण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. तो असल्या मजकुराच्या भरवशावर वापरला गेला, याचा मात्र संताप येतो.

प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडीज, ही प्रथिने आहेत. ती जिवंत नसतातच, तर मरणार कुठून? बोटाला टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाकतात, पुढचे थेंब जाड फिल्टर पेपरवर छापलेल्या वर्तुळांत पडू देतात आणि रक्त कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत झिरपले की कार्ड आडवे ठेवून काही तास वाळवतात. प्रयोगशाळेत त्यातून जेमतेम तीन मिलिमीटर व्यासाची चकती कापून ती द्रावणात भिजत ठेवली की प्रतिपिंडे त्यात उतरतात आणि पुढे प्रतिपिंडे ओळखणारी नेहमीचीच एलायझा चाचणी होते. एका थेंबाच्या आक्षेपाचे उत्तरही यातच आले, कारण या चाचणीला काही मायक्रोलिटर रक्त पुरते. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बालकांच्या तपासणीसाठी ही पद्धत १९६० च्या दशकात रूढ केली. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाळांच्या अशाच कार्डांवर एचआयव्हीची प्रतिपिंडे शोधून किती मातांना संसर्ग आहे याचा अंदाज घेतला गेला, कारण आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात येतात.

आकडे फुगवण्याच्या आरोपाला तर आपल्याच देशाचा इतिहास उत्तर देतो. २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांचे रक्त असेच कार्डांवर घेऊन एचआयव्हीसाठी तपासले गेले आणि १५ ते ४९ वयोगटात संसर्गाचे प्रमाण ०.२८ टक्के आढळले. त्याआधीचे अंदाज प्रामुख्याने प्रसूतिपूर्व तपासणीला आणि गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्यांच्या नमुन्यांवर बेतलेले होते. ही नवी माहिती आणि वाढवलेली पाहणी केंद्रे यांच्या आधारे २००७ मध्ये देशातील बाधितांचा सरकारी अंदाज सुमारे ५२ लाखांवरून सुमारे २५ लाखांवर आला. आकडे फुगवायचे असते, तर ज्या कार्डांनी ते निम्म्यावर आणले ती सरकारने पुन्हा हातात धरली नसती. पुढच्या, चौथ्या फेरीतही एचआयव्हीसाठी तीच वापरली गेली.

नाव फुटण्याची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण एचआयव्हीच्या संशयावरून माणसे वाळीत टाकली गेली आहेत. म्हणूनच त्या सर्वेक्षणात कार्डावर नाव नव्हते, फक्त बारकोड होता, आणि व्यक्तीची ओळख पुसल्यावरच निष्कर्ष बाकीच्या माहितीशी जोडले गेले. त्यामुळे ‘रिपोर्ट देत नाहीत’ हे संदेशातले वाक्य खरे आहे. पण ज्या नमुन्यावर नावच नाही त्याचा रिपोर्ट देणार कोणाला? स्वतःपुरते जाणून घ्यायचे असेल, तर सरकारी आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात समुपदेशनासह मोफत तपासणी होते आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तो निष्कर्ष गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे.

उरला उन्हा-पावसाचा मुद्दा, आणि तिथे नाइलाजाने थोडे मान्य करावे लागते. दमटपणा या कार्डांचा शत्रू आहे. नीट न वाळवता पाकिटात घातलेले किंवा ओल धरलेले कार्ड खात्रीचे राहत नाही. म्हणून ती हवाबंद पिशवीत, ओल शोषणाऱ्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारी पट्टी घालून पाठवतात, आणि पट्टीचा रंग बदललेला दिसला की पुड्या बदलतात.