सवाईला एक रात्र परत द्या

डिसेंबर जवळ आला की पुण्यात एकच चौकशी सुरू होते. सवाईचे कलाकार जाहीर झाले का, सीझन तिकीट कुठे मिळतंय, शनिवारी शेवटी कोण आहे? मीही त्यातलीच. यादी हातात पडली की आधी नावं वाचते आणि लगेच वेळा बघते. त्या वेळा बघताना गेली बरीच वर्षं जे मनात येतं ते आज नीट लिहून काढते आहे. शास्त्रीय संगीताच्या या सवाई गंधर्व महोत्सवाला त्याची रात्र, म्हणजे पहाटेपर्यंत चालणारी मैफल, परत मिळायला हवी. सगळ्या रात्री नकोत, एक पुरे.

असं का म्हणते, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात गेले. मूळचे धारवाडकडच्या कुंदगोळचे, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. लहानपणी गळा चांगला होता, पण वयात येताना आवाज फुटला आणि तो सहजपणे फिरेना. खाँसाहेबांनी त्या आवाजावर अपार मेहनत करून घेतली. पुढे रामभाऊ नाटक मंडळीत गेले, स्त्रीभूमिका गाजवल्या, पण मैफलीतलं गाणंही सांभाळलं. त्यांना ऐकलेली माणसं सांगत, की सुरुवातीचा बराच वेळ गळा तापायलाच जायचा, आणि एकदा तापला की मग लोकांना घड्याळाची आठवण राहायची नाही.

त्यांच्या जाण्यानंतर वर्षभराने, १९५३ साली, पहिल्या पुण्यतिथीच्या निमित्ताने हा संगीत महोत्सव सुरू झाला. आर्य संगीत प्रसारक मंडळ, रामभाऊंचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे आणि ऐन तिशीतले भीमसेन जोशी, ही त्यामागची माणसं. गुरूंच्या नावाने शिष्यांनी गायचं आणि जाणत्यांनी ऐकायचं, इतकाच साधा हेतू. आज पाच दिवस चालणारा, हजारो माणसं जमवणारा, मोठे पडदे आणि प्रायोजकांचे फलक असलेला महोत्सव बघितला की त्याचं मूळ एका पुण्यतिथीत आहे हे नव्या श्रोत्यांना सांगावं लागतं. २०११ च्या जानेवारीत भीमसेनजी गेले आणि त्याच वर्षीपासून महोत्सवाच्या नावात गुरूशेजारी शिष्यही आला, 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव'. हा बदल मला मनापासून आवडला. पन्नासाहून जास्त वर्षं गुरूचं नाव खांद्यावर वागवणाऱ्या माणसाला याहून योग्य जागा कुठली असणार?

पूर्वी सवाई जिथे भरे ते रेणुका स्वरूप शाळेचं पटांगण आठवणारी माणसं आता ज्येष्ठ झाली आहेत. माझ्या पिढीचा सवाई म्हणजे शनिवार पेठेतली रमणबाग. मैदानभर मांडव, पुढे भारतीय बैठक, मागे आणि कडेला खुर्च्या, बाहेरच्या बाजूला चहा, वडापाव, पुस्तकांचे आणि कॅसेटचे स्टॉल. कॉलेजातली आम्ही मुलं सतरंजीवर. शेजारी बसलेल्या अनोळखी आजोबांनी 'हा कोमल रिषभ नीट ऐक' असं हळूच सांगायचं आणि थर्मासमधला चहा पुढे करायचा. मला रागांची ओळख कुठल्याही वर्गात झाली नाही, त्या सतरंजीवर झाली.

आणि रात्र. मध्यरात्र उलटली की गर्दी पातळ व्हायची आणि उरलेली माणसं पुढे सरकून बसायची. पहाटे तीनच्या सुमाराला दव उतरायचं, सतरंजी ओलसर लागायची, शाली कानांवर यायच्या. थंडीने तानपुरे उतरायचे. गाणारा बसला की आधी दहा-पंधरा मिनिटं नुसती जुळवाजुळव चालायची. खुंटी किंचित पिळायची, मणी खालीवर करायचा, घोडीवर तारेखालचा जव्हारीचा दोरा केसाएवढा सरकवायचा, पुन्हा तार छेडायची. एका क्षणी दोन्ही तानपुरे एकमेकांत असे मिसळायचे की मांडवातली कुजबुज आपोआप थांबायची. त्या वेळी कुणालाच घाई नसायची. बाहेर उजाडेपर्यंत वेळच वेळ होता. मग दरबारी, मालकंस, अडाणा. आणि आभाळाचा रंग बदलायला लागला की ललित, भटियार, तोडी.

शेवटच्या दिवशीचं शेवटचं सत्र रामभाऊंच्या शिष्यांचं असे. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि सगळ्यांत शेवटी भीमसेनजी. गंगूबाई तरुणपणी हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जाऊन शिकल्या. दस्तूर मुंबईचे पारशी, लहानपणी बोलपटांत कामं केलेले. भीमसेन गदगचं घर सोडून गुरूच्या शोधात उत्तरेत भटकून आलेले. एकाच गुरूची ही तीन इतकी वेगळी माणसं एकाच व्यासपीठावर पाठोपाठ गाताना मी ऐकली आहेत. या सगळ्यांच्या किराणा घराण्यावर मी पुढे पुष्कळ वाचलं, पण घराणं म्हणजे काय हे त्या सकाळी जितकं कळलं तितकं पुन्हा कधी कळलं नाही. सूर लावायची रीत तीच, स्वभाव तीन. आणि सगळं संपल्यावर सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका लावत. ती वाजत असताना कुणी चपला शोधायला उठत नसे.

मग कायदा आला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, आणि सर्वोच्च न्यायालयाचा त्याबाबतचा सविस्तर निकाल जुलै २००५ चा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सांस्कृतिक आणि धार्मिक प्रसंगांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, आणि त्यातले बरेचसे दिवस सणांनाच लागतात. सवाईच्या वाट्याला शनिवारची मध्यरात्र येते, बाकीचे दिवस दहाच्या आत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. हा कायदा मला हवा आहे. आमच्या गल्लीत एकीकडे आजारी म्हातारं माणूस आणि दुसरीकडे भिंती हादरवणारा डीजे हे मी अनुभवलं आहे. शास्त्रीय संगीत चांगलं म्हणून त्याला सूट आणि बाकीच्यांना नियम, ही मागणी मी कधीच करणार नाही. रमणबागेच्या आसपास राहणाऱ्यांनाही झोप होती, लेकरांच्या परीक्षा होत्या. आता महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात भरतो, तिथेही माणसंच राहतात.

पण वेळ बदलली आणि तिच्याबरोबर गाणंही बदललं, हे आपण मोकळेपणाने बोलत नाही. आपल्या रागांना प्रहर आहेत, म्हणजे दिवसाची ठरलेली वेळ. दुपारी सुरू होऊन रात्री दहाला संपणाऱ्या महोत्सवात काय काय येऊ शकतं? भीमपलास, मुलतानी, पूरिया धनाश्री, मारवा, यमन, फार तर बागेश्री आणि जोग. तेच राग वर्षानुवर्षं फिरून फिरून येतात, आणि एका दिवशी दोन कलाकारांना एकच राग टाळण्यासाठी कसरत करावी लागते. शनिवारी उशिरा एखादा मालकंस किंवा दरबारी मिळाला तर आपण धन्य होतो. मध्यंतरी काही वर्षं रविवारी सकाळचं सत्र असे. अलीकडे तेही दुपारकडे सरकलं, म्हणजे सारंगाचे प्रकार मिळाले, पण सकाळ गेलीच.

मला सगळ्यांत जास्त लागतं ते पुढचं. भीमसेनजी १९३६ च्या सुमाराला कुंदगोळला शिकायला राहिले तेव्हा रामभाऊंनी त्यांच्याकडून मुख्यतः तीन रागांवर मेहनत करून घेतली: तोडी, मुलतानी आणि पूरिया. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ. त्या तिन्हींवर हात बसला की बाकीचं आपोआप उलगडतं, ही त्यांची धारणा. आज त्याच गुरूच्या नावाच्या महोत्सवात मुलतानी ऐकायला मिळतो, पूरिया ऐकायला मिळतो, आणि तोडीला वेळच नाही. गुरूने शिष्याला जे दिलं त्यातला तिसरा हिस्सा वेळापत्रकाने बाहेर ठेवला आहे. विशीतल्या, दरवर्षी न चुकता सवाईला येणाऱ्या मुलामुलींनी तिथे समोर बसून तोडी ऐकलेली नाही. यूट्यूबवर ऐकली आहे, हेडफोन लावून, दुपारच्या चहाबरोबर.

दुसरा मुद्दा अवधीचा. सहा-सात तासांत चार-पाच कलाकार बसवायचे म्हटल्यावर एकेकाला तास-सव्वा तास मिळतो. संथ लयीतला विलंबित ख्याल रंगायला लागतो, गायकाच्या चेहऱ्यावर ते दिसतं, आणि त्याच वेळी विंगेतून खूण येते. मग घाईघाईत जलद लयीतली द्रुत बंदिश, एखादं भजन, टाळ्या, पुढचा कलाकार. तरुण गायकांना मग पहिल्या दहा मिनिटांत मांडव जिंकायची सवय लागते. ज्यांचा गळा तापायलाच वेळ लागायचा त्या रामभाऊंना आज त्यांच्याच महोत्सवात किती वेळ मिळाला असता, हा प्रश्न मला खरोखर अस्वस्थ करतो.

उपाय काय? माझ्या मते तो नियमातच लिहिलेला आहे. रात्रीची बंदी उघड्या जागेसाठी आहे. प्रेक्षागृह, सभागृह अशा बंदिस्त जागेत, आवाज आतल्या आत राहत असेल तर नियम आड येत नाही. कोलकात्याचं डोव्हर लेन संगीत संमेलन १९५२ पासूनचं, म्हणजे आपल्या सवाईपेक्षा एका वर्षाने मोठं. जानेवारीत नझरूल मंचाच्या प्रेक्षागृहात तिथे रात्रभराच्या सभा होतात. लोक शाली घेऊन येतात, पहाटेचे राग ऐकून सकाळी घरी जातात. वाराणसीत संकटमोचन मंदिराच्या प्रांगणात रात्र रात्र गाणं चालतं. त्या शहरांना जे जमतं ते पुण्याला न जमण्याचं काही कारण नाही. आपल्याकडे बालगंधर्व रंगमंदिर आहे, गणेश कला क्रीडा मंच आहे.

म्हणजे मुकुंदनगरचा मांडव जसाच्या तसा राहू दे. ज्यांना गर्दी, जत्रा, स्टॉल, सहकुटुंब येणं आवडतं (मलाही आवडतं) त्यांचा तो आनंद आहे आणि तो मोठा आनंद आहे. शास्त्रीय संगीतासाठी इतकी माणसं एका मैदानात बसतात ही गोष्ट जपायलाच हवी. त्या पाच दिवसांना जोडून एक रात्र बंदिस्त सभागृहात ठेवा. तीनच कलाकार. पहिला रात्री साडेदहाला, दुसरा दीडच्या सुमाराला, तिसरा पहाटे साडेचारला. वेळेची खूण नाही, भजनाची सक्ती नाही. एकाला अडीच तास गावंसं वाटलं तर गाऊ दे. शेवटच्या जागेवर दरवर्षी कुणीतरी तोडी गावी, एवढी एकच अट असावी, आणि ती गुरुस्मरणाची अट म्हणून छापावी.

खर्चाचं मला कळतं. जागा कमी, म्हणजे तिकीट जास्त. प्रायोजकाला रात्री तीन वाजता फलक दाखवायला माणसं हवीत आणि ती तेव्हा थोडीच असतील. ज्येष्ठ कलाकारांना रात्रभराचं जागरण झेपत नाही, हेही खरं. पण भीमसेनजींनंतर कित्येक वर्षं महोत्सवाची सांगता प्रभाताई अत्र्यांच्या गाण्याने होत होती, ऐंशी ओलांडल्यावरही. १३ जानेवारी २०२४ रोजी त्या गेल्या. तेव्हापासून ती शेवटची जागा कुणाची, आणि ती कशी भरायची, हा प्रश्न असाही समोर आहेच. माझं मत विचाराल तर ती एखाद्या मोठ्या नावाला देण्याऐवजी पस्तिशी-चाळिशीतल्या, तयारीच्या पण अजून गर्दी न खेचणाऱ्या गायिकेला किंवा गायकाला पहाटेसाठी द्यावी. १९५३ साली भीमसेनही तिशीतलेच होते.

स्वाइन फ्लूमुळे २००९ चा महोत्सव जानेवारी २०१० मध्ये झाला, कोविडमुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं गेली, रमणबाग सुटली, आणि तरीही सवाई उभा आहे. आर्य संगीत प्रसारक मंडळाने, भीमसेनजींचे चिरंजीव श्रीनिवास जोशींनी आणि कार्यकर्त्यांनी तो उभा ठेवला, याची मला पूर्ण जाणीव आहे आणि त्याबद्दल कृतज्ञता आहे. म्हणूनच हे त्यांच्यापाशी मागते आहे. रात्रीच्या सभेला वेगळं तिकीट लावा, सीझन तिकिटात धरू नका. मी काढेन, आणि माझ्या ओळखीतल्या ज्या मुलांनी समोर बसून कधी तोडी ऐकलेली नाही त्यांचंही काढेन.