देव नाकारू इच्छिणाऱ्या सोलापूरकरांसाठी काही सूचना

देव नाही असं ठरवलंत? उत्तम. फक्त ऐन मे महिन्यात ठरवू नका. पारा ४४ला टेकला की सात रस्ता चौकात सिग्नलला अडकलेल्या कट्टर नास्तिकाच्या तोंडूनही ‘अरे देवा’ निघून जातं आणि पुढची चर्चा फिसकटते. जूनमध्येही जपा. पहिली सर आली की कुणाचे तरी आभार मानावेसे वाटतात. हवामान खात्याचे माना.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात मात्र चुकूनही जाऊ नका. तिथं जॅकार्डच्या मागावर मोर उमटत असतो. आधी कुणीतरी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून तो काढलेला असतो. त्या घरांप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडलेली असतात. भोक आलं की हुक वर जातो, ताण्याचा धागा उचलला जातो. एक पट्टी मागंपुढं झाली तर मोराची मान मोडते. कारागिराला म्हणून बघा, ‘हा मोर आपोआप आला.’ तो म्हणेल, ‘का बे, ऊन लागलं काय?’ मग बाहेर पडून खऱ्या मोराकडं बोट दाखवा आणि तेच वाक्य म्हणा. आता मात्र लोक तुम्हाला विचारवंत म्हणतील.

‘विज्ञानानं देव संपवला’ हे वाक्य हुकमी आहे, बिनधास्त वापरा. वाटाण्याची रोपं मोजून आनुवंशिकतेचे नियम १८६६ साली छापणारा मेंडेल मठातला संन्यासी होता, एवढं बोलू नका. विश्व एका आदिकणातून सुरू झालं असं १९३१ साली मांडणारा लमेत्र तर दीक्षा घेतलेला कॅथलिक धर्मगुरू. हे दोघे अडचणीचे आहेत, त्यांना गाळा.

इतिहासही बेतानंच सांगा. १७९३ साली पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमधून क्रांतिकारकांनी देवाला बाहेर काढलं आणि त्याच जागी बुद्धीची देवी म्हणून एक बाई नटवून उभी केली. रशियन क्रांतीचा नेता लेनिन १९२४ साली वारला. मॉस्कोत त्याचा देह रसायनं भरून ठेवलाय, आणि लोक तो बघायला रांग लावतात. दर्शनाची रांग काय असते हे पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्याला कुणी शिकवायला नको.

जगात इतकं दुःख असताना देव कसा असेल, हा प्रश्न मात्र जरूर विचारा. तो खरा आहे. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबानं तो राखेत बसून विचारला, आणि त्याला कुणी नास्तिक म्हटलं नाही. (उलट त्याला गुळगुळीत उत्तरं देणाऱ्या मित्रांनाच शेवटी बोलणी खावी लागली.) फक्त ‘हे असं व्हायला नको होतं’ असं म्हणू नका. सगळं आपोआप झालंय ना? मग कसं व्हायला हवं होतं, हे ठरवलं कुणी? लहान लेकरू गेलं तरी खांदे उडवून ‘अणूंची हालचाल’ म्हणायचं. जमेल? जमत नसेल तर तुम्ही अजून कच्चे आहात.

एवढा खटाटोप झेपत नसेल तर सोपी वाट आहे. ‘देव नाही’ असं मूढ आपल्या मनात म्हणतो, असं बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या १४व्या स्तोत्रात आहे. तोंडानं बोलायची गरजच नाही. आम्हा ख्रिस्ती मंडळींना ही वाट चांगलीच सरावाची आहे. रविवारी उपासनेला पुढच्या बाकावर बसा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन डोळे मिटून म्हणा. थैली फिरली की घडी घातलेली नोट टाका, म्हणजे आकडा दिसत नाही. सोमवारी कामगाराची हजेरी अर्धी मांडा, चुलतभावाचं नाव सातबाऱ्यावरून उडवायला तलाठ्याकडं चक्कर मारा आणि ‘कोण बघतंय’ एवढंच मनातल्या मनात म्हणा. यात वाद नाही, चर्चा नाही, कुणी अंगावर येत नाही. पाळकसाहेब घरी चहाला येतात. वर्गणी तेवढी थकवू नका, म्हणजे पुढच्या वर्षी चर्चच्या पंचमंडळीत तुमचं नाव नक्की.