पळालेल्या गुलामांना कसली सुनावणी?

भाचीने वक्तृत्व स्पर्धेचं भाषण तपासायला पाठवलं. त्यातला एक परिच्छेद आमच्या घरच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजमधून जसाच्या तसा उचललेला: अमेरिकेत पळालेल्या गुलामांना रीतसर सुनावणी मिळे, विरोधकांनी कायदा मोडून देश पेटवला, आणि यादवी युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं, गुलामगिरीसाठी नाही. हे तिने स्टेजवरून म्हणू नये म्हणून लिहितेय.

‘रीतसर सुनावणी’ वाचून माझं डोकंच फिरलं. १८५० चा फरारी गुलाम कायदा काढा, सहावं कलम वाचा. पकडलेल्या माणसाची स्वतःची साक्ष पुराव्यात घ्यायचीच नाही, असं तिथे छापलंय. ज्यूरी नाही. ‘मी गुलाम नाही, तुम्ही भलताच माणूस धरलाय’ हे शपथेवर सांगायचीही सोय नाही. आणि आठवं कलम? निकाल देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, म्हणजे कमिशनरने, माणूस मालकाच्या हवाली केला तर फी दहा डॉलर, सोडला तर पाच. हवाली करताना कागदपत्रं जास्त लागतात, असं त्याचं समर्थन केलं जाई. माणसाच्या अख्ख्या आयुष्याचा निकाल, आणि त्याला साखळदंडात परत पाठवणाऱ्याला दुप्पट पैसे! याला सुनावणी म्हणायचं?

मे १८५४ मध्ये बॉस्टनला अँथनी बर्न्स पकडला गेला. गुलामगिरी असलेल्या व्हर्जिनिया राज्यातून पळून आलेला, कपड्यांच्या दुकानात काम करणारा, जेमतेम वीस वर्षांचा. २ जूनला त्याला परत पाठवायला सैन्याच्या बंदोबस्तात बंदरावर नेलं तेव्हा रस्त्यावरच्या इमारतींवर काळं कापड टांगलेलं होतं. पुढच्या महिन्यात, ४ जुलैला, फ्रेमिंगहॅमच्या सभेत गुलामगिरीविरोधी लेखक हेन्री डेव्हिड थोरो बोलला. त्याचा राग व्हर्जिनियापेक्षा स्वतःच्या मॅसॅच्युसेट्सवर, म्हणजे बॉस्टन ज्या राज्यात आहे त्यावर, होता: इथल्या गव्हर्नरवर, न्यायाधीशांवर, वर्तमानपत्रांवर.

विरोधकांनी कायदा मोडला, हे खरं. बर्न्सला सोडवायला लोक कोर्टावर चालून गेले, त्यात एक पहारेकरी मेला. पळालेल्याला परत देण्याचं कलम मूळ राज्यघटनेतही होतं, हेही मान्य. पण म्हणून त्या मुलाला परत नेणं योग्य ठरत नाही.

राज्यांच्या हक्कांचं म्हणाल, तर दक्षिणेतल्या साउथ कॅरोलिना राज्याने डिसेंबर १८६० मध्ये अमेरिकेतून फुटून निघताना दिलेली कारणंच वाचा. उत्तरेकडची राज्यं आपापले कायदे करून पळालेले गुलाम परत देत नाहीत, ही त्यातली ठळक तक्रार आहे. म्हणजे दुसऱ्या राज्यांनी हक्क वापरले, हाच यांचा आक्षेप!

भाचीला तो परिच्छेद काढायला लावलाय. त्याजागी जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका घे म्हटलं. गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी ते पुस्तक अर्पण केलंय.