कार्यक्रम भरपूर झाले, आता शिकवणार कोण ते सांगा

आमच्या तालुक्याच्या कॉलेजचा डिसेंबर-जानेवारीचा कार्यक्रम माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला आहे. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, म्हणजे बसस्टँड आणि बाजारातल्या ओट्यांची सफाई. २७ ला पंजाबराव देशमुखांची जयंती. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ ला जिजाऊ आणि विवेकानंद एकाच टेबलावर. मग एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, आणि २६ जानेवारी आटोपली की स्नेहसंमेलन. फलक रंगीत आहे, वर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, खाली प्रभारी प्राचार्यांचा. आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात एक ओळ: महाविद्यालयाचे ग्रंथपाल नियत वयोमानानुसार ३१ डिसेंबर रोजी सेवानिवृत्त होत आहेत, निरोप समारंभ दुपारी १२ वाजता.

ग्रुपवर लगेच हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. 'सरांना पुढील आयुष्याच्या हार्दिक शुभेच्छा.' मीही टाकल्या. पण माझ्या मते त्या अख्ख्या फलकावरची खरी बातमी ही बारीक अक्षरातली ओळ आहे, आणि ती अर्धीच दिली आहे. सर जातात हे सांगितलं. १ जानेवारीला वाचनालयाची किल्ली कोणाच्या हातात राहणार, हे कोणी सांगितलं नाही.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. गावातल्यांना ते कळेलच, आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्यांना हे आपल्याच कॉलेजबद्दल लिहिलं आहे असं वाटेल.

ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारा-घेणारा माणूस, एवढंच ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या सरांना पाहिलेलं नाही. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी अभ्यासिका लावली. मंजूर-बिंजूर काही नव्हती. मोडक्या बाकांना खिळे ठोकून घेतले, दोन ट्यूबलाइट लावल्या, झाली अभ्यासिका. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, ज्याला ज्याची तयारी करायची ती पोट्टी सकाळी ग्राउंड मारून तिथं येऊन बसतात. कॉलेज सोडलेलीही बसतात. सर कोणाला हाकलत नाहीत. टेबलाच्या डाव्या कप्प्यात त्यांची एक वही असते. कोण कोणत्या परीक्षेचा फॉर्म भरतो आहे, शेवटची तारीख कोणती, कोणाची नॉन-क्रिमिलेअर अजून निघायची आहे, सगळं त्या वहीत, निळ्या पेनानं. तारीख जवळ आली की सर स्वतः फोन लावतात, "काय रे, सेतूत गेलता का नाही?" ही वही कॉलेजच्या कोणत्याच रेकॉर्डला नाही. सर गेले की ती त्यांच्या पिशवीतून त्यांच्या घरी जाईल.

माझ्या दुकानात खत घ्यायला येणारा एक पोरगा परवा विचारत होता, "भाऊ, सर गेल्यावर अभ्यासिका चालू राहीन का?" मी म्हटलं, राहीन ना, काऊन नाही राहणार. पण मी तरी कोणाच्या भरवशावर बोललो?

कारण आमच्याकडे माणूस जातो, जागा उरते, आणि मग ती जागाही हळूहळू विसरली जाते. प्राध्यापक साठीला निवृत्त होतो, ग्रंथपालही त्याच नियमात. तारीख वर्षानुवर्षं आधी माहीत असते, अचानक काही घडत नाही. तरी आमच्या कॉलेजात इतिहासाचे सर गेले, जागा रिकामी. अर्थशास्त्राच्या मॅडम गेल्या, जागा रिकामी. प्राचार्य गेले, त्यांच्या खुर्चीला तेव्हापासून 'प्रभारी' चिकटलं ते निघायचं नाव नाही. संस्थेला विचारा, ते शासनाकडे बोट दाखवतात. आणि ते पूर्ण खोटंही नाही. २०१८ मध्ये राज्यभरातल्या अनुदानित कॉलेजांसाठी सहायक प्राध्यापकांची ३५८० पदं भरायला परवानगी मिळाली. त्यातली १४९२ भरली, तेवढ्यात २०२० साली कोरोना आला आणि वित्त विभागानं भरती थांबवली. उरलेली २०८८ भरायला परवानगी मिळायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. ही राज्यभराची गोष्ट झाली. त्यातलं आमच्या तालुक्याच्या ताटात काय पडणार, तुम्हीच सांगा.

तोवर कॉलेज चालतं ते सीएचबीवाल्यांच्या जिवावर. तासिका तत्त्वावरची ही माणसं नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली आहेत, काहींची पीएचडी आहे. दरवर्षी जाहिरात, दरवर्षी मुलाखत, दरवर्षी विद्यापीठाची मान्यता, आणि मे महिन्यात घरी. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१९ मध्येच अतिथी प्राध्यापकाला तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं मानधन सुचवलं होतं. आमच्या सीएचबीवाल्यांच्या हातात त्याहून बरंच कमी पडतं, आणि जे पडतं तेही महिनोन्‌महिने अडकतं. माझ्या ओळखीचे एक सर सकाळी आमच्या कॉलेजात मराठी शिकवतात, दुपारी मोटरसायकलनं दुसऱ्या तालुक्यात. दिवाळीनंतर त्यांना वावरातही जावं लागतं, कारण कापूस वेचायला बाया मिळत नाहीत. एकदा मी पगाराचं विचारलं तर म्हणाले, "भाऊ, लग्नाच्या पोराले वय आन् सीएचबीवाल्याले पगार इचारू नये."

आता गंमत पाहा. फलकावरचे बहुतेक कार्यक्रम हीच माणसं उभे करतात. माइक आणणं, हार आणणं, पाहुण्यांना स्टँडवरून घेऊन येणं, सूत्रसंचालन, शेवटी आभार. फोटोत मात्र ती डाव्या कोपऱ्यात अर्धी कापलेली असतात. स्टाफची बातमी म्हणून ग्रुपवर काय येतं? अमुक सरांचा शोधनिबंध छापून आला, तमुक मॅडमला पुरस्कार मिळाला. चांगलंच आहे, अभिनंदन आहेच. पण 'या वर्षी इतिहास शिकवायला अजून कोणीच नाही' ही बातमी मी आजवर एकाही फलकावर वाचली नाही. आमच्या घरची पोरगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून मला कळलं.

एवढे कार्यक्रम कशासाठी, याचं एक उत्तर नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणारी संस्था. कार्यक्रम झाला की तारीख-ठिकाणासह जिओटॅग फोटो, हजेरीपट, अहवाल, फाइल. मूल्यांकनाची समिती येते तेव्हा या फायली टेबलावर रचलेल्या असतात. फाइल करणारा माणूस वर्गावर कमी आणि कॉम्प्युटरवर जास्त दिसतो. वास्तविक त्याच नॅकच्या दुसऱ्या निकषात हेही विचारलेलं असतं की मंजूर पदांच्या मानानं पूर्णवेळ शिक्षक किती आहेत. त्या आकड्याचा फलक लावायला जिओटॅगही लागत नाही.

मी कार्यक्रमांच्या विरोधात आहे असं कोणी समजू नका. एनएसएसचं शिबिर तर मी कधीच बंद करू देणार नाही. गावातल्या शाळेत सात दिवस मुक्काम, सकाळी श्रमदान, नाल्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरून वनराई बंधारा, दुपारी व्याख्यान, रात्री गावकऱ्यांसमोर नाटुकलं. आमच्या भागातल्या कितीतरी पोरी पहिल्यांदा घराबाहेर राहतात त्या या शिबिरात. माइक हातात आला की थरथरणारी पोरगी सातव्या दिवशी सरपंचाला विचारते, "दादा, नळाले पाणी कवा येते?" आणि गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला झाडू हातात घेणं याला तर आमच्याकडे वेगळाच अर्थ आहे. १९५६ साली वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, अमरावतीला जाताना, गाडीतच त्यांचा प्राण गेला. आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. फक्त तो झाडू फोटोपुरता नसावा, आणि स्टँडवर झाडायला जाताना पोरांनी तिथलं एसटीचं वेळापत्रकही वाचून यावं.

वेळापत्रकाचं म्हणतो त्याला कारण आहे. आमच्या गावाकडची शेवटची एसटी पाचला सुटते. कार्यक्रमाची वेळ अकराची, पाहुणे अमरावतीहून येणार, ते येतात एकला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार यात अडीच वाजतात. बक्षीस वितरण सुरू होतं तेव्हा पोरी दप्तर घेऊन उठतात आणि माइकवरून ओरडणं सुरू होतं, 'विद्यार्थिनींनी शिस्त पाळावी.' आमची पोरगी म्हणते, "काकाजी, मॅडम म्हणतात बसा. पण गाडी बसते का आपल्यासाठी?" बारावीपर्यंत खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास फुकट होता, कॉलेजात आल्यावर सवलतीच्या पासाला का होईना पैसे लागतात. तो पास काढून ती एखाद्या पाहुण्याचा परिचय ऐकायला येत नाही, तासाला येते. स्नेहसंमेलनही जानेवारीच्या शेवटी, तूर कापणीला आलेली आणि कापसाची शेवटची वेचणी वावरात. निम्मी पोरं येत नाहीत, आणि आले नाहीत म्हणून मागच्या वर्षी त्यांनाच नोटीस काढली होती. कॅलेंडर करताना एखाद्या शेतकरी पालकाला विचारलं तर काही बिघडत नाही.

तर ३१ तारखेच्या निरोप समारंभाबद्दल. शाल, श्रीफळ, वहिनींना साडी, सगळं होईल आणि व्हायलाच पाहिजे. सरांनी ते कमावलं आहे. भाषणं होतील, 'सरांची पोकळी भरून निघणार नाही' असं किमान तिघं म्हणतील. निघणार नाहीच, जाहिरात काढल्याशिवाय कशी निघेल?

मी सरांना भेटून त्यांच्या त्या वहीची झेरॉक्स मागितली आहे. ते हसले आणि म्हणाले, अक्षर लागेल का तुला? झेरॉक्सचे पैसे माजी विद्यार्थी संघाच्या खात्यातून देऊ, त्यावर कोणाची हरकत असेल तर सांगा. आणि समारंभ आटोपल्यावर चहाच्या वेळी अध्यक्ष तिथंच असतील, तेव्हा तीन गोष्टी विचारायच्या आहेत: ग्रंथपालाच्या पदाचा प्रस्ताव पाठवला का, पाठवला तर कोणत्या तारखेला, आणि पद भरेपर्यंत अभ्यासिका सकाळी सातला कोण उघडणार. तिसऱ्याचं उत्तर त्यांच्याकडे नसेल तर आपण पाळ्या लावू, सोमवार माझा. बाकीचे वार रिकामे आहेत. इनबॉक्समध्ये 'छान लिहिलं' नको, खाली वार लिहा.