लिव्हर फक्त दारू पिणाऱ्यांचंच जातं, हे खरं नाही

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की लिव्हर फक्त दारू पिणाऱ्यांचं खराब होतं, निर्व्यसनी माणसाने रोज गुळवेलीचा काढा घेतला की लिव्हर साफ, आणि कावीळ झालीच तर माळ घाला कारण ॲलोपॅथीत काविळीवर औषधच नाही. प्लीज हे पुढे पाठवू नका.

दारूने लिव्हर जातं, वादच नाही. पण आयुष्यात थेंबही न घेतलेल्यांना सिरॉसिस होतो, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जातं, त्याचं काय? सुटलेलं पोट, डायबेटिस, दिवसभर बसून काम, यातून लिव्हरमध्ये चरबी साठते, काहींना सूज येते आणि वर्षानुवर्षं आतल्या आत लिव्हर कडक होत जातं. दुखत काहीच नाही. सोनोग्राफी भलत्याच कारणासाठी केलेली असते, रिपोर्टमध्ये 'फॅटी लिव्हर ग्रेड 1' दिसतं, आजकाल सगळ्यांनाच असतं म्हणून फाइल कपाटात जाते, खरंतर तेव्हाच 7 ते 10 टक्के वजन उतरवलं तर सूज कमी होऊ शकते. शिवाय लिव्हरला सूज आणणारे हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू आहेतच, ते पसरतात दूषित सुईतून, रक्तातून, बाळंतपणात आईकडून बाळाला.

गुळवेलीचं म्हणाल तर 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले 6 पेशंट नोंदवले, आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, पण 2022 मध्ये देशभरातल्या 13 हॉस्पिटलांमधून असेच 43 पेशंट समोर आले. नैसर्गिक आहे म्हणून रोज घ्या, हा सल्ला कुणी द्यायचा?

आता माळ. गळ्यातली ही काड्यांची माळ लांबत गेली की ती कावीळ ओढून घेतेय असं मानतात, पण ती वाढते कारण ओल्या काड्या वाळून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात आणि माळ लांबते, कावीळ बिवीळ काही ओढत नाही ती. घाण पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळतं. पण कावीळ पित्तनलिकेत अडकलेल्या खड्यामुळेही होते, तिथे माळ काय करणार? आणि औषध नाही म्हणता, तर हिपॅटायटिस सी बहुतेकांचा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात.

घरात कुणाला कावीळ असेल आणि ती व्यक्ती असंबद्ध बोलायला लागली, सारखी गुंगीत राहायला लागली किंवा रक्ताची उलटी झाली तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, आणि गरोदर बाईला नुसते डोळे पिवळे दिसले तरी थांबू नका, हिपॅटायटिस ई तिच्या जिवावर बेतू शकतो.