तिला घरचीच समजा

बाळंतपणाची पगारी रजा २०१७ साली बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली. सत्ताविसाव्या आठवड्यात आपल्या लक्षात येतं की मूल अजून बसायलासुद्धा शिकलेलं नाही. त्याच कायद्यात पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं असंही लिहिलंय. आमच्या ऑफिसात आम्ही सेहेचाळीस आहोत आणि एकूण रागरंग बघता सेहेचाळीसच राहू. सासूबाई फोंड्याला, त्यांचे गुडघे. आई पेडण्याला, तिचं भजनी मंडळ. तेव्हा राहून मूल सांभाळणारी बाई शोधायला तुम्ही लागणारच. तीन वर्षांत माझ्या घरी चौघीजणी येऊन गेल्या, म्हणजे या विषयात सल्ला द्यायचा अधिकार मला नाही तर कोणाला?

सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत बोलून टाकायचं. "हे बघ, आमच्याकडे कामवाली वगैरे मानत नाहीत. तू घरचीच." हे वाक्य फुकट आहे आणि त्याच्या जोरावर पुढे पुष्कळ काही फुकट मिळतं. कामवालीला कामाचे तास असतात, घरच्या माणसाला तास कोण विचारतो? कामवालीची कामं ठरलेली असतात, घरच्या बाईला मोरीत चार भांडी दिसली की तिचा हात आपसूक पुढे होतो. मुलाला तिला 'मावशी' म्हणायला शिकवा. ती तेवीस वर्षांची असली तरी मावशीच. मावशी कधी पगारवाढ मागत नाही. (सख्ख्या मावशीला आपण दिवाळीला साडी तरी घेतो, पण ते सोडा.)

माझी चौथी खानापूरकडची. चोर्ला घाट उतरून गोव्यात, पर्वरीला आमच्याकडे आली ती एक पिशवी, एक छत्री आणि नाचणीच्या लाडवांचा स्टीलचा डबा घेऊन. डबा तिनं बाळासाठी म्हणून माझ्या हातात दिला. मी तो ओट्यावर ठेवला आणि डॉक्टरांनी बाहेरचं द्यायला मनाई केलीय, असं गोड आवाजात सांगितलं. सुरुवातीलाच शिस्त लावलेली बरी. लाडू मी चार रात्रींत संपवले. डबा विसळून परत दिला तेव्हा ती म्हणाली, "बाळानं खाल्लं की सगळं!" मी म्हटलं, हो.

आता खोली. टू बीएचके फ्लॅटमध्ये तिला खोली कुठली द्यायची, असा प्रश्न पडू देऊ नका. स्टोअर आहे ना! आमच्या स्टोअरमध्ये माटोळीची (चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची) लाकडी चौकट, एसीचा खोका, नवऱ्याचं चालायचं यंत्र (त्यावर तो एकदा चालला होता) आणि उकड्या तांदळाचा पिंप, एवढं सोडलं तर बाकी सगळी जागा तिचीच. खिडकी नाही, म्हणजे पाऊस आत यायची भीती नाही. जूनमध्ये भिंतीला हिरवं धरतं, पण ते सगळ्या गोव्यात धरतं. दाराची कडी बाहेरून आहे. आतून एक लावून मिळेल का, असं तिनं दुसऱ्याच दिवशी विचारलं. मी हसून तिच्या खांद्यावर हात ठेवला. घरच्या माणसांत कसल्या गं कड्या?

आधार कार्ड मात्र आल्या आल्या मागून घ्यायचं. पोलिसात माहिती द्यावी लागते, तिथे झेरॉक्स चालते, मूळ कार्ड आपल्या कपाटात 'जपून' ठेवायचं. ती हरवेल हो. शिवाय मागचा पत्ता, आधी कुठे होती, का सोडलं, नवरा काय करतो, पितो का, हे सगळं बोलता बोलता काढून घ्यावं. तिनं आपल्याबद्दल काही विचारलं तर ते आगाऊपण.

कॅमेरा हॉलमध्ये लावा आणि मुलासाठी आहे असं सांगा. पणजीत ऑफिसच्या खुर्चीत बसून दुपारच्या चहाबरोबर घर बघण्यासारखं सुख नाही. एकदा मी बघत होते, मूल झोपलेलं, आणि ही चक्क सोफ्यावर बसली. पाय वर घेऊन. चार मिनिटं मी वाट पाहिली, मग फोन केला. "काही नाही गं, सहज. बसलीयेस का?" ती ताडकन उठली. त्यानंतर ती कधी सोफ्यावर दिसली नाही. कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, जिथे दिसत नाही, तिथे जमिनीवर बसते, हे कळायला मला दोन महिने लागले.

जेवणाचा मुद्दा जरा नाजूक आहे, म्हणून सविस्तर सांगते. घरचीच असल्यामुळे तिला आपल्याच कालवणातलं वाढायचं, वेगळं काही करायचं नाही. फक्त मासे आणतानाच हिशेब नीट हवा. सासरे-सासूबाई राहायला आले की घरात माणसं पाच. सहावी घरचीच. इसवणाचे तुकडे पाच. हा हिशेब कोणी मुद्दाम करत नाही, बाजारात आपोआप होतो. "तुला बांगडाच आवडतो ना गं?" असं आपण वाढता वाढता विचारायचं, म्हणजे तिला बांगडा आवडायला लागतो. जून-जुलैत एकसष्ट दिवस ट्रॉलरना समुद्रात जायची बंदी असते, तेव्हा हा प्रश्नही सुटतो. सगळ्यांनाच सुकं, सगळे सारखे.

रात्रीचं काही विशेष नाही. रात्री नुसतं उठायचं असतं, काम असं नसतं.

ज्यांची नणंद किंवा बहीण युरोपात आहे त्यांच्या डोक्यात हल्ली 'ओ पेअर' नावाचं खूळ असतं. परदेशी मुलगी घरी राहते, पोरं बघते, भाषा शिकते. फ्रेंचमध्ये त्या शब्दांचा अर्थ 'बरोबरीच्या नात्यानं' असा. १९६९ साली स्ट्रासबर्गला त्यासाठी एक युरोपीय करारही झाला. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, आठवड्याला एक पूर्ण दिवस मोकळा, महिन्यातला निदान एक रविवार त्यात धरून, शक्यतो वेगळी खोली आणि वर हातखर्चाला पैसे. वाचून मला त्या बायांची कीव आली. पाच तासांनंतर पोरं काय बर्फात ठेवतात? त्यांच्याकडे 'बरोबरीची' म्हणतात आणि खरंच बरोबरीनं वागवावं लागतं. आपला 'घरची' हा शब्द किती शहाणा!

तशी जिनिव्हातही २०११ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. आठवड्याला सलग चोवीस तास विश्रांती, त्या वेळात घरातच थांबायची सक्ती नाही, स्वतःची कागदपत्रं स्वतःजवळ. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं. पुढे तो करार आपल्याला लागू करून घ्यायचं मात्र आजवर झालेलं नाही. देशाचं हे धोरण मी घरात तंतोतंत पाळते. तिनं सुट्टीचं काढलं की मी नेहमी बाजूनं मत देते. "घ्यायलाच हवी गं तू सुट्टी, मी तर कधीची म्हणतेय." तारीख तेवढी ठरवायची नाही.

आणि सुट्टी घेऊन ती जाणार कुठे? सुट्टी घालवायला अख्खा देश गोव्यात येतो. ही तर बारा महिने गोव्यातच आहे! शिवाय रविवारी आम्ही तिला आमच्याबरोबर मिरामारला नेतो की. आम्ही पाण्यात जातो, ती वाळूत बसून चपला आणि मूल सांभाळते. समोर समुद्र, वर वारा. आणखी काय पाहिजे माणसाला?

कधी कधी वाटतं, हा सगळा दोष पोर्तुगिजांचा. साडेचारशे वर्षं राहिले आणि १९६१ साली जाताना शब्द मागे ठेवून गेले. आया हा शब्द त्यांचा. पगार त्यांचा. चावी त्यांची, बादलीसुद्धा त्यांचीच. सुट्टी तेवढा अस्सल आपला शब्द. म्हणून तो आपण जपून वापरतो.

एका गोष्टीची तयारी ठेवा. मूल तिला लागतं. लागावं यासाठीच तिला आणलेलं असतं, तरी लागलं की पोटात दुखतं. आमचा चिरंजीव माझ्याशी गोव्याचं मराठी बोलायचा, तो एके दिवशी मला म्हणाला, "चल की गे आई, बस की हितं!" सासूबाई आठवडाभर हसत होत्या. एका रात्री ताप होता, मी मांडीवर घेतला, तर डोळे न उघडता म्हणाला, "मावशी कुठाय?" अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उतू गेल्याबद्दल तिला थोडं बोलून घ्यावं. बरं वाटतं.

चवथीला तिनं पाच दिवस मागितले. चवथ जवळ आली की सगळ्यांनाच आपापली घरं आठवतात, त्यामुळे उत्तर आधी घोटून ठेवलेलं बरं. घाटात दरडी कोसळतात, हे एक. आम्ही फोंड्याला जाणार, तिथे चाळीस माणसं, मुलाला कोण बघणार, हे दुसरं. आणि तिसरं, रामबाण: "अगं, घरचीच ना तू? मग आपल्या घरच्या गणपतीला नको?" यावर ती काहीच बोलली नाही. कोणीच बोलू शकत नाही, इतकं ते वाक्य पक्कं आहे. चवथीच्या दुपारी पानं उठल्यावर ती मागच्या पडवीत उभी राहून व्हिडिओ कॉलवर होती. तिची सात वर्षांची मुलगी पलीकडून फोन हलवत हलवत त्यांचा गणपती दाखवत होती, कधी सोंड, कधी छत, कधी स्वतःचं कपाळ. तेवढ्यात आमचा चिरंजीव रांगोळी विस्कटत धावत आला आणि त्यानं "मला, मला" करत फोन ओढला. कॉल तुटला. मी तिला म्हटलं, बघ, किती लळा आहे त्याला तुझा.

दसऱ्याच्या आधी ती गेली. महिनाअखेर होती, पगार हातात पडला, आधार कार्ड मागितलं, छत्री आणि स्टीलचा डबा उचलला. मी बजावलं, घरच्या माणसांनी असं अर्ध्यावर सोडून जायचं नसतं. ती म्हणाली, "व्हय वैनी." आणि गेली. खानापूरला नाही. आमच्याच बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथे जुळी आहेत. कामाला माणसं लावताना तारतम्य बाळगायची पद्धत आता शेजारपाजाऱ्यांतही राहिलेली नाही.

परवा रविवारी सकाळी लिफ्टमध्ये भेटली. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, केसांत अबोलीचा गजरा. चिरंजीव "मावशी!" करून पायांना बिलगला, तिनं त्याचा गालगुच्चा घेतला. विचारायचं नाही असं ठरवूनही मी विचारलंच. "काय गं, बरी आहेत का ती माणसं? घरच्यासारखी वागवतात ना?"

"न्हाई वैनी," ती म्हणाली, "परकीच हायत." आणि तळमजला आल्यावर आम्हाला आधी बाहेर जाऊ देऊन, मिरामारच्या बसला उशीर होतोय म्हणत चपला फटफटवत निघून गेली.