टाकी रिकामी केली म्हणजे गाडीखाली वेल्डिंग सुरक्षित झाले का?

खालचा पत्रा सडला असेल तर टाकी रिकामी करावी, बॅटरीची वायर काढावी, पेट्रोलच्या पाइपला ओला फडका गुंडाळावा आणि निर्धास्त वेल्डिंग करावे, डिझेलच्या गाडीला तर एवढेही नको, असा सल्ला गाडीमालक आणि कारागीर एकमेकांना सर्रास पाठवतात. कोकणच्या खाऱ्या हवेत गाड्यांचे फ्लोअर लवकर गंजतात, आणि हा सल्ला वाचून कोणीतरी खरोखरच गाडीखाली शिरणार आहे, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासणे मला गरजेचे वाटते.

रिकाम्या टाकीपासून सुरुवात करू. पेट घेते ती पेट्रोलची वाफ, आणि हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की एक ठिणगी पुरते. नुकत्याच उपसलेल्या टाकीत तळाशी उरलेले पेट्रोल आणि आत शिरलेली हवा यांचे असेच मिश्रण तयार होऊ शकते, म्हणजे टाकी उपसल्याने धोका उलट वाढतो. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने जमिनीलगत, म्हणजे कारागीर पाठीवर झोपलेला असतो तिथेच साचते, आणि गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात, म्हणजे पिटमध्ये, तर ती सहजासहजी हलतच नाही. शिवाय टाकी उपसली म्हणून पाइप रिकामे होत नाहीत. बहुतेक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत लाइनमध्ये ३ ते ४ बार दाब असतो आणि इंजिन बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकतो. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले की दाब उतरतो, पण पाइपातले पेट्रोल तरीही तिथेच असते.

सर्वात घातक मुद्दा मला ओल्या फडक्याचा वाटतो, कारण त्याने खोटा धीर येतो. आजच्या अनेक गाड्यांत इंधनाचे पाइप नायलॉनचे असतात. चिखलाने माखल्यावर ते ब्रेकच्या पाइपासारखेच दिसतात, आणि १८० अंशांच्या आसपास वितळतात. वेल्डिंगची उडालेली गोळी हजार अंशांहून तप्त असते. फडका काही मिनिटांत वाळतो, पाठीमागच्या पत्र्यातून येणारी उष्णता अडवत नाही, आणि पाइपाची अवस्था मात्र झाकून टाकतो. त्यातच अर्थ क्लिप, म्हणजे वेल्डिंगचा करंट मशीनकडे परत नेणाऱ्या वायरचा चिमटा, लांब, चाकाच्या हबवर वगैरे लावली असेल, तर करंट वाटेत सापडेल त्या धातूतून परततो, त्यात पत्र्याला टेकलेला लोखंडी इंधन पाइपही आला. क्लिप जोडाच्या अगदी जवळ, घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावरच लावावी. टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवून गॅरेजबाहेर न्यावी, पाइप सोडवून काढावेत किंवा पुरेसे दूर सरकवावेत, आणि उघडी तोंडे बुचाने बंद करावीत. यात अर्धा दिवस जातो हे खरे, पण तेवढा वेळ नसेल तर ते काम त्या दिवशी हाती घेऊ नये.

बॅटरीची वायर काढणे योग्यच आहे, पण ते इलेक्ट्रॉनिक्स वाचवण्यासाठी. पाइपातल्या पेट्रोलचा त्याच्याशी संबंध नाही.

डिझेलबद्दलचा समज तर चुकीचाच आहे. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, किमान ३५ अंश असावा लागतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तेवढे तापमान सहज असते. तापलेल्या पृष्ठभागावर आपोआप पेटायला तर डिझेलला पेट्रोलपेक्षा कमी तापमान पुरते. सीएनजीच्या गाडीची सिलिंडर आणि लाइन अधिकृत फिटरकडून उतरवून घेतल्याशिवाय खाली वेल्डिंग करूच नये.

काम संपल्यावर काय करायचे, याबद्दल या सल्ल्यात एक शब्दही नाही. एका जुन्या जीपच्या फ्लोअरचे वेल्डिंग संपवून कारागीर चहाला गेला होता आणि मी गाडीपाशीच उभा होतो. पंधराएक मिनिटांनी दाराखालच्या पाणी निघायच्या भोकातून धुराची बारीक रेघ येऊ लागली. आतला गंजरोधक लेप धुमसत होता. पेट्रोलचा पाइप एरवी तिथून वीतभर अंतरावर असतो. तो आधीच काढून ठेवलेला होता, म्हणून बादलीभर पाण्यावर भागले.